नगरयंत्रणा आणि खेळाडूची नजर : 'वॉच डॉग्ज' या व्हिडिओ खेळमालेची बलस्थाने व मर्यादा

प्रास्ताविक

कुम्हारी हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील छोटे नगर रायपूर व भिलाई यांच्या दरम्यान, नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात आली, त्या काळापासून मराठी भाषक येथे स्थिरावत गेले. पुढे रेल्वे व भिलाईचा पोलाद कारखाना यांमुळे विदर्भातून येणाऱ्यांची त्यांत भर पडली. व्हिडिओ खेळावरील लेखाचा आरंभ अशा गावापासून करण्यास एक निश्चित कारण आहे. १४ जून २०१८ या एकाच दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या विस्तारित प्रकल्पाचे लोकार्पण झाले आणि रायपूरच्या पलीकडे वसविलेल्या नया रायपूर येथील एकात्मिक नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. पाणीपुरवठा, वीज, सांडपाणी, वाहतूक यांसारख्या नागरी सेवांवर एकाच ठिकाणाहून देखरेख ठेवणे हे त्या केंद्राचे प्रयोजन होते. एका बाजूस पोलादाचे शहर, दुसऱ्या बाजूस माहितीचे शहर आणि मध्ये कुम्हारी, असे चित्र त्या दिवशी पूर्ण झाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग अनिवार्य झाला, तेव्हा कुम्हारीच्या टोलनाक्यावरही माहितीच्या शहराची ओळख सामान्य प्रवाशास झाली. काचेवरील लहानशी पट्टी यंत्राने वाचली, वाहनाची नोंद झाली, खात्यातून पैसे वळते झाले. या साऱ्यात माणसाने माणसास काही विचारले नाही. आपणांस ओळखणारी यंत्रणा आपल्या दृष्टीआड असते, तिचे नियम आपणांस ठाऊक नसतात आणि तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. आजच्या नागरी जीवनाचा हा एक मूलभूत अनुभव आहे. त्यास कादंबरीने वा चित्रपटाने जे रूप दिले, त्याहून निराळे रूप एका व्हिडिओ खेळमालेने देण्याचा प्रयत्न केला. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टची 'वॉच डॉग्ज' ही ती खेळमाला होय. तिच्या, विशेषतः तिच्यातील पहिल्या खेळाच्या, बलस्थानांचा व मर्यादांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनाची पद्धत

खेळाच्या चिकित्सेत सामान्यतः दोन टोके आढळतात. एक तर खेळाची कथा कादंबरीप्रमाणे सांगून तिचे गुणदोष दाखविले जातात, किंवा चित्रांची सफाई, वाहन चालविण्यातील सुलभता अशा तांत्रिक बाबींना गुण दिले जातात. या दोहोंत खेळाचे खेळपण निसटते. अमेरिकी अभ्यासक इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पर्सुएसिव्ह गेम्स' या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की खेळ आपले म्हणणे प्रामुख्याने नियमांच्या द्वारे मांडतो. कोणत्या कृतीस परवानगी आहे, कोणत्या कृतीस शिक्षा आहे आणि कोणती कृती निःशुल्क आहे, यांतून खेळाचा जगाविषयीचा दृष्टिकोन व्यक्त होतो. पात्राच्या मुखातील संवाद एक सांगतो आणि नियम दुसरेच सांगतात, असेही घडू शकते. अशा वेळी नियमांची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते. प्रस्तुत लेखात हीच कसोटी वापरली आहे.

खेळाचा परिचय व पूर्वपरंपरा

जून २०१२ मध्ये लॉस एंजलिस येथील ई-थ्री या खेळप्रदर्शनात 'वॉच डॉग्ज'ची प्रथम घोषणा झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात तो यावयाचा होता, परंतु तो लांबणीवर पडला आणि २७ मे २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. या दोन घटनांच्या मध्ये, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे व्यापक पाळतीचे कार्यक्रम उघडकीस आणले. त्यामुळे जो विषय घोषणेच्या वेळी भविष्यकथेसारखा भासत होता, तो प्रकाशनाच्या वेळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आलेला होता. पहिल्या आठवड्यातच खेळाच्या सुमारे ४० लाख प्रती खपल्या. या खपामागे विषयाच्या समयोचिततेचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

खेळाचे घटनास्थळ शिकागो हे शहर आहे. ब्लूम नावाच्या काल्पनिक कंपनीने तेथे 'सीटीओएस' ही नगरसंचालन प्रणाली बसविलेली असून, वाहतुकीचे दिवे, उघडझाप होणारे पूल, उन्नत रेल्वे, वीज, कॅमेरे आणि नागरिकांची वैयक्तिक माहिती हे सर्व तिच्याशी जोडलेले आहे. नायक एडन पिअर्स हा हॅकर आहे. एका उंची हॉटेलात पाहुण्यांची खाती लुटण्याचा त्याचा डाव फसतो, त्याच्यावर सूड उगविला जातो आणि त्यात त्याची लहान भाची लीना मृत्युमुखी पडते. तिच्या मृत्यूस जबाबदार असणाऱ्यांचा शोध हे खेळाचे कथासूत्र होय.

या खेळामागे दोन भिन्न परंपरा आहेत. पहिली मुक्त संचाराच्या खेळांची. २००१ मधील 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' या खेळाने एक संपूर्ण नगर खेळाडूच्या स्वाधीन केले. कथेचा मार्ग सोडून कोठेही भटकण्याची, वाहने पळविण्याची, दंगा करण्याची मुभा दिली. दुसरी परंपरा हॅकिंगच्या कल्पनेची. १९८३ चा 'वॉरगेम्स' हा चित्रपट, १९८४ ची विल्यम गिब्सन यांची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी आणि २००१ चा 'अपलिंक' हा ब्रिटिश खेळ हे तिचे काही टप्पे. 'अपलिंक'मध्ये खेळाडूसमोर केवळ संगणकाचा पडदा असतो. शहर दिसत नाही, माणूस दिसत नाही. 'वॉच डॉग्ज'ने या दोन परंपरांचा संकर केला. पडद्यामागे घडणारी घुसखोरी त्याने रस्त्यावर आणली. त्याचे सामर्थ्य व त्याची दुर्बलता ही दोन्ही या संकरातून उत्पन्न झाली आहेत.

बलस्थाने

पहिले बलस्थान असे, की या खेळाने शहर वाचावयास शिकविले. पूर्वीच्या मुक्त संचाराच्या खेळांत शहर ही पार्श्वभूमी असे. चौक, पूल, खांब हे ओलांडावयाचे अडथळे असत. 'वॉच डॉग्ज'मध्ये हेच घटक साधने बनतात. पाठलाग करणारी वाहने मागे असताना चौकातील दिवे एकाच वेळी हिरवे केले, तर अपघात होऊन वाट बंद होते. पूल उचलला, रस्त्यातील रोधखांब वर काढले, भूमिगत वाफेची नळी फोडली, तर पाठलाग तुटतो. एका वस्तीतील वीज घालवून अंधाराचा आश्रय घेता येतो. त्यामुळे खेळाडू काही तासांतच रस्त्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो : येथे काय जोडलेले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्याच्या मनात उपजत होतो. नागरी व्यवस्थेची जाणीव जागविण्याचे हे काम एखाद्या निबंधाने साधणे कठीण आहे, कारण निबंधात ती जाणीव सांगितली जाते, येथे ती हाताला लागते.

याच तत्त्वाचा सर्वांत परिणत आविष्कार कॅमेऱ्यांच्या योजनेत दिसतो. खेळाडू एका कॅमेऱ्यात शिरतो, त्या कॅमेऱ्यास दिसणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी घेतो, तेथून तिसऱ्यावर. अशा रीतीने कुंपणाबाहेर उभा राहून तो बंदिस्त आवारातील कानाकोपरा पाहू शकतो. कित्येक कामगिऱ्यांत त्यास आत पाऊलही न टाकता हवी ती माहिती मिळविता येते. दृष्टी जेथे पोहोचते तेथे सत्ता पोहोचते, हा मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये कारागृहाच्या इतिहासाच्या निमित्ताने मांडलेला विचार येथे खेळाचा एक नियम होऊन बसला आहे.

दुसरे बलस्थान म्हणजे 'प्रोफायलर' ही योजना. रस्त्याने चालणाऱ्या कोणत्याही माणसाकडे भ्रमणध्वनी रोखला, की त्याचे नाव, व्यवसाय, उत्पन्न आणि त्याच्या खासगी आयुष्यातील एखादी बाब पडद्यावर उमटते. कोणी नुकताच घटस्फोटित, कोणी दुर्धर आजाराने ग्रस्त, कोणी विचित्र छंद जोपासणारा. मुक्त संचाराच्या खेळांतील गर्दी ही मेणाच्या बाहुल्यांची असते आणि तिच्या मरणाचे खेळाडूस सुखदुःख नसते. एका ओळीच्या माहितीने ती गर्दी माणसांची होते. एखाद्या वाटसरूवर शस्त्र उगारताना तो दोन मुलांचा बाप असल्याचे वाचून हात थबकतो. त्याच वेळी ही ओळ वाचण्याचा आपणांस काय अधिकार, असा संकोचही वाटतो. सहानुभूती व अतिक्रमण ही दोन्ही एकाच कृतीतून उत्पन्न व्हावीत, यात खेळकर्त्यांनी साधलेले यश मोठे आहे.

तिसरे बलस्थान खेळाडूंच्या परस्परसंबंधात आहे. खेळ जाळ्याशी जोडलेला असता दुसरा एखादा खेळाडू आपल्या शिकागोत गुपचूप प्रवेश करतो. तो आपणांस सामान्य नागरिकाच्या रूपात दिसतो आणि जवळपास दडून आपली माहिती उतरवून घेऊ लागतो. सूचना मिळताच गर्दीतील प्रत्येक चेहरा संशयास्पद होतो. आतापर्यंत इतरांवर नजर ठेवणारा स्वतः नजरेखाली येतो. या काही मिनिटांत खेळ आपल्या विषयाशी सर्वाधिक प्रामाणिक राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण येथे पाळतीचा अनुभव दोन्ही बाजूंनी घेता येतो.

मर्यादा : एका कळीची घुसखोरी

इतके असूनही खेळाची पहिली व मोठी मर्यादा त्याच्या मध्यवर्ती क्रियेतच आहे. या खेळात हॅकिंग म्हणजे एक कळ दाबणे होय. कळ दाबली की दिवा बदलतो, पूल उचलला जातो. काही ठिकाणी नळ्यांची जुळणी करावी तसे प्रवाहाचे मार्ग फिरवून कुलूप उघडावे लागते, परंतु ते कोडेही लवकरच सवयीचे होते. खेळकर्त्यांनी कॅस्परस्की या संगणकसुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता, आणि अशा गोष्टी तत्त्वतः शक्य आहेत इतपत वास्तव खेळात आलेही आहे. जे आले नाही ते म्हणजे अशा कृत्याचा काळ, त्याची पूर्वतयारी आणि त्यातील माणसे.

या उणिवेचे स्वरूप महाराष्ट्रातील एका घटनेशी तुलना केली असता स्पष्ट होते. खेळात वाटसरूचे बँकखाते एका कळीने फोडता येते व जवळच्या एटीएमवर जाऊन रक्कम काढता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. तेथेही शेवटचे दृश्य एटीएमचेच होते, परंतु त्या दृश्यापर्यंत येणारी वाट पूर्णतः निराळी होती. ग्राहकाने कार्ड यंत्रात घातले असता खात्यात शिल्लक आहे किंवा नाही, ही विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते व तिच्या होकारानंतर पैसे बाहेर येतात. हल्लेखोरांनी या दोहोंच्या मध्ये बनावट मध्यस्थ प्रणाली उभी केली आणि विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत जाऊच न देता परस्पर होकार देण्याची व्यवस्था केली. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डे वापरून २८ देशांत हजारो व्यवहार झाले. १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीच्या मार्गे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. देशातही कोल्हापूरसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष माणसांनी यंत्रांपुढे उभे राहून पैसे काढले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

या घटनेतून दिसते ते असे, की वास्तवातील घुसखोरी ही सांघिक, संयमी आणि श्रमविभागणीवर आधारलेली असते. तिच्या एका टोकाला कुशल तंत्रज्ञ असतो आणि दुसऱ्या टोकाला मोबदल्यासाठी कार्ड वापरणारा, मूळ सूत्रधारास न ओळखणारा माणूस असतो. पकडला जातो तो बहुधा हा दुसरा. 'वॉच डॉग्ज'च्या नायकास अशा माणसाची गरजच भासत नाही. परिणामी खेळाडूच्या मनात हॅकर हा एकाकी जादूगार अशी प्रतिमा ठसते आणि गुन्ह्याची खरी यंत्रणा अदृश्यच राहते. अदृश्य यंत्रणा दृश्य करणे हेच ज्या खेळाचे बलस्थान, त्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते.

मर्यादा : अपघात व कारस्थान

दुसरी मर्यादा कारणमीमांसेची आहे. खेळाच्या पूर्वकथेनुसार २००३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात जो अंधार पसरला, तो एका हॅकरने घडविला होता आणि तसे पुन्हा होऊ नये म्हणून सीटीओएस अस्तित्वात आली. १४ ऑगस्ट २००३ चा हा अंधार वास्तविक आहे. अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज त्या दिवशी गेली. परंतु दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशीत कारणे आढळली ती वेगळी : ओहायो राज्यात वीजवाहिन्यांना झाडे लागली, नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली सदोष असल्यामुळे निकामी झाली आणि कर्मचाऱ्यांना परिस्थितीचे गांभीर्य वेळेवर कळले नाही. त्यात कोणताही हॅकर नव्हता.

महाराष्ट्रालाही असाच एक अनुभव आला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली व लोकलगाड्या जागीच थांबल्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हे कारण सांगितले. या मतभेदात सत्य कोणत्या बाजूस आहे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मुद्दा असा, की गुंतागुंतीच्या यंत्रणेत चूक व घातपात यांचा भेद बाहेरून ओळखणे दुष्कर असते, आणि नागरिकाची खरी असहायता तेथेच असते. खेळातील शिकागोत मात्र चूक नावाची गोष्टच नाही. तेथे दिवा बिघडत नाही; कोणीतरी तो बिघडविते. प्रत्येक घटनेमागे कर्ता असल्यामुळे खेळ रंजक होतो, पण देखभालीचा अभाव, हलगर्जी, वाढू दिलेले झाड ही नागरी संकटांची नित्याची कारणे त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

मर्यादा : पाळतीचा विरोधक की वारसदार?

तिसरी मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. एडन पिअर्स पाळतीच्या यंत्रणेविरुद्ध लढतो, असे कथा सांगते. नियम काय सांगतात? नागरिकांना इजा केल्यास त्याचा लौकिक घटतो, गुन्हा रोखल्यास वाढतो. एखाद्या रुग्णाचे खाते रिकामे केले, तर मात्र लौकिकास धक्का लागत नाही. कॅमेऱ्यांतून लोकांच्या घरांत डोकावण्याचे प्रसंग तर मनोरंजन म्हणून योजिले आहेत. म्हणजे हिंसेला किंमत आहे, अतिक्रमणाला नाही. यंत्रणा तीच राहते, फक्त तिच्या किल्ल्या कंपनीच्या हातून नायकाच्या हाती येतात.

संभाव्य गुन्ह्यांची योजना या दृष्टीने फार बोलकी आहे. अमुक ठिकाणी गुन्हा होण्याचा संभव आहे, अशी सूचना सीटीओएस देते. खेळाडूने तेथे जाऊन दडून राहावयाचे असते. तो फार लवकर दिसला, तर संशयित पळून जातो आणि प्रयत्न व्यर्थ ठरतो. म्हणून गुन्ह्यास आरंभ होईपर्यंत वाट पाहावी लागते. यात यंत्रणेचे भाकीत खोटे ठरण्यास वाव ठेवलेला नाही.  ज्या खेळाने यंत्रणेवर अविश्वास शिकवावा, त्याचे नियम तिच्यावर पूर्ण विश्वास टाकतात. हा अंतर्विरोध लेखनातील सामान्य ढिलाई म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण भाकितावर आधारलेले पोलिसकार्य हा आता आपल्याही भोवतीचा विषय आहे. पोलिसांच्या साहाय्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणारी 'मार्व्हल' ही संस्था महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये नागपूर येथे स्थापन केली. अशा साधनांविषयी नागरिकाने विचारावयाचा पहिला प्रश्न 'ते चुकले तर काय?' हा आहे, आणि नेमका तोच प्रश्न हा खेळ विचारू देत नाही.

याशिवाय काही मर्यादा थोडक्यात नोंदविणे पुरेसे होईल. नायकाची व्यक्तिरेखा सूडाच्या एकाच सुरात अडकली आहे. कथेतील स्त्रिया बहुधा बळी किंवा ओलीस म्हणून येतात. युक्तीने सुटणाऱ्या कामगिऱ्या पुढे पुढे बंदुकीच्या चकमकीत संपतात. २०१२ च्या प्रात्यक्षिकातील चित्रसौंदर्य प्रत्यक्ष खेळात उतरले नाही, याबद्दलही खेळाडूंनी तीव्र नाराजी व्यक्त केली.

उत्तरकालीन दोन खेळ

नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या खेळाने वरील आक्षेपांपैकी काहींचे उत्तर दिले. त्याचे घटनास्थळ सॅन फ्रान्सिस्को व परिसर असून, नायक मार्कस होलोवे या कृष्णवर्णीय तरुणास यंत्रणेने न केलेल्या गुन्ह्याबद्दल संशयित ठरविलेले आहे. पहिल्या खेळात अचूक असलेले भाकीत येथे चुकते, आणि त्या चुकीतूनच कथा जन्म घेते. एकाकी नायकाच्या जागी 'डेडसेक' हा मित्रसमूह येतो व त्यात सितारा धवन ही भारतीय वंशाची कलावंत महत्त्वाच्या स्थानी आहे. चाकांची छोटी यंत्रगाडी व उडते यंत्र यांमुळे रक्तपात न करता कामगिरी पार पाडणे पुष्कळ अधिक शक्य होते. तथापि, हसतमुख, विनोदी मार्कसच्या हाती खेळाने बंदूकही दिली आहे, आणि तिचा वापर केला असता व्यक्तिरेखा व कृती यांत न सांधणारी फट पडते.

ऑक्टोबर २०२० मधील 'लीजन' या तिसऱ्या खेळाने लंडन निवडले व एक धाडसी प्रयोग केला. तेथे ठरलेला नायकच नाही. रस्त्यावरील कोणाही नागरिकास आपल्या गटात घेऊन त्याच्या भूमिकेत खेळता येते. प्रोफायलरमधील एक ओळ येथे संपूर्ण माणसापर्यंत वाढविलेली आहे. कल्पना म्हणून ही योजना थोर आहे, कारण प्रतिकार हा असामान्य वीराचा मक्ता नसून सामान्यांचा सामुदायिक व्यवहार आहे, असे तिचे सांगणे आहे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक जण नायक झाल्यामुळे कोणीच लक्षात राहत नाही. आवाज व संवाद यांची पुनरावृत्ती होते. प्रकाशनाच्या सुमारास 'एग्रेगर' नावाच्या खंडणीखोर टोळीने याच खेळाची मूळ आज्ञावली चोरल्याचा दावा केला, हा योगायोग उल्लेखनीय आहे. घुसखोरीची कथा रचणाऱ्या संस्थेलाही ती कळ दाबल्यासारखी सोपी वाटली नसेल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

या विषयाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे 'संस्था' व 'संचार' असे दोन वर्ग सांगितले आहेत : एका जागी राहून वार्ता गोळा करणारे आणि हिंडून ती आणणारे. खांबावरील कॅमेरा व हातातील भ्रमणध्वनी ही त्याच वर्गीकरणाची नवी रूपे म्हणता येतील. कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करणारा नायकही मराठी वाचकास अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड यांनी हजारो वाचकांना तो घरोघर भेटविला होता. एडन पिअर्स हा त्याच कुळातील आहे. भेद असा, की अर्नाळकरांच्या वाचकास नायकाचे साहस वाचावयाचे असे. येथे ते स्वतः करावयाचे असते, आणि म्हणून त्यातील अतिक्रमणाचा भागीदारही त्यास व्हावे लागते.

व्यवहाराच्या पातळीवरही हा संबंध दूरचा नाही. युबिसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यात व २०१८ मध्ये मुंबईत आपले स्टुडिओ सुरू केले. म्हणजे या उद्योगाचे श्रम आपल्या शहरांत होऊ लागले, परंतु त्यातील शहरे मात्र शिकागो, सॅन फ्रान्सिस्को व लंडन हीच राहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे नगरनिरीक्षणाचे जाळे पूर्ण झाले. म्हणजे खेळाची द्रव्यसामग्री आपल्या भोवती तयार आहे. ज्यात पाळतीबरोबर भारनियमन असेल, बिघडलेला सिग्नल असेल, टोलनाक्यावर न वाचली गेलेली पट्टी व त्यावरून होणारी हुज्जत असेल, असा खेळ आपल्या नगरांच्या अनुभवातून घडू शकतो. वर दाखविलेली कारणमीमांसेची उणीव अशा खेळात आपोआप भरून निघेल.

समारोप

'वॉच डॉग्ज'ने नागरी यंत्रणा दृश्य केली, गर्दीतील माणसास नाव दिले आणि काही काळ तरी पाहणाऱ्यास पाहिले जाण्याचा अनुभव दिला. ही त्याची कमाई टिकाऊ आहे. त्याच्या मर्यादा एका मुळापाशी येऊन मिळतात : त्याने खेळाडूस सामर्थ्य दिले, त्या सामर्थ्याची किंमत सांगितली नाही. घुसखोरी श्रमाविना, भाकीत चुकीविना आणि अतिक्रमण दंडाविना, असे त्याचे जग आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. हक्क कागदावर येतो तेव्हा त्याची जाणीव समाजात रुजण्यास वेळ लागतो आणि त्या कामी कथा, नाटक, चित्रपट यांच्याबरोबर आता खेळांनाही वाटा उचलावा लागणार आहे. पोलादाच्या शहरातून माहितीच्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहणारा कुम्हारीचा तरुण हा खेळ खेळतो, तेव्हा त्याच्या हातात साऱ्या शहराच्या किल्ल्या असतात. खेळ संपवून तो महामार्गावर येतो, तेव्हा त्याच्या गाडीच्या काचेवर एक पट्टी असते आणि ती वाचणारी यंत्रणा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असते. या दोन अवस्थांतील अंतर त्याच्या ध्यानी यावे, हे चांगल्या खेळाचे काम आहे. 'वॉच डॉग्ज' त्याला त्या अंतराच्या काठापर्यंत आणून सोडतो. पुढील विचार त्याचा त्यालाच करावा लागतो.